एका काठीला पाच चमचे

माशांचा स्वभाव माझ्या भाऊजींइतका ओळखणारा माणूस तेव्हाच्या अख्ख्या मध्य प्रदेशात दुसरा नसेल. मासा केव्हा भुकेला असतो, केव्हा रुसलेला असतो, कोणत्या वाऱ्याला तो तळाशी जातो आणि कोणत्या ढगाला वर येतो, हे ते इतक्या खात्रीने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ मागच्या जन्मी तांदुळा जलाशयात बिऱ्हाड करून होते. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. मी त्यांच्याबरोबर काढलेल्या सहा वर्षांत त्यांच्या हाती जेवढे मासे लागले, तेवढे भिलाईतल्या रिसालीच्या बाजारातली मासेवाली सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत विकत असे. हे त्यांना कधी खटकलं नाही. "ओळखणं वेगळं अन् पकडणं वेगळं," ते म्हणत. "आपल्या फोरमनले मी चांगला ओळखतो. पकडला काय कधी?"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भंडाऱ्याहून मी भिलाईला आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो होतो, आणि स्वतःचं क्वार्टर मिळेपर्यंत तीन-चार महिने ताईकडे राहावं असं ठरलं होतं. ते तीन-चार महिने सहा वर्षं चालले. त्या घरचं अन्न खाऊन मी त्या घरच्या माणसाशी काय केलं, ते सांगितल्याशिवाय मला हे लिहिण्याचा अधिकार नाही, आणि मी सांगणार आहे. पण आधी माणूस तुम्हाला नीट दिसू दे.

भाऊजी कारखान्यात रिगर होते. रिगर म्हणजे क्रेनच्या हुकाला बोजा बांधणारा. दहा-वीस टनांची धुडं हे लोक तारेच्या दोरांत, म्हणजे स्लिंगमध्ये, आणि कड्यांत अशी बांधतात की ती माणसांच्या डोक्यांवरून तरंगत जातात आणि हव्या त्या जागी मांजरीसारखी अलगद बसतात. वीस वर्षांच्या नोकरीत भाऊजींनी बांधलेला एकही बोजा सुटला नव्हता, आणि ही गोष्ट ते दाढी करताना आरशालाही सांगत. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे: "दोर तुटला तं दोराची चूक. गाठ सुटली तं बांधणाऱ्याची." घरातली कुठलीही गोष्ट ते बांधत ती याच श्रद्धेने. एकदा ताईने माझ्या आईसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवायची म्हटलं आणि भाऊजींनी ती बांधून दिली. भंडाऱ्याला आईने प्रयत्न केला, शेजाऱ्यांनी केला, शेवटी सुताराला बोलावलं. त्याने चहूबाजूंनी पाहून हात जोडले. गाठ कापायला आईचं मन होईना, जावयाने बांधलेली म्हणून. लोणचं आठ महिने तसंच मुरत राहिलं. दिवाळीला भाऊजी स्वतः गेले आणि एका बोटाने ओढून त्यांनी गाठ मोकळी केली. "अशी उघडाची असते," ते म्हणाले. "कोणी विचारलं काय मले?"

कारखान्याच्या धडधडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून रिगर लोक क्रेनवाल्याशी हातवाऱ्यांनी बोलतात. भाऊजी हीच भाषा जेवतानाही वापरत. बोट वर करून हवेत गोल फिरवलं की वरण वाढा, तळवा हळूहळू खाली दाबला की भात थोडाच, आणि मूठ आवळली की जागच्या जागी थांबा. एकदा आमची मावशी राहायला आली होती. तिसरी पोळी वाढायला ती वाकली मात्र, भाऊजींनी तिच्या नाकासमोर मूठ आवळली. मावशी पोळीसकट स्वयंपाकघरात गेली आणि ताईला म्हणाली, "पोरी, जावई माणूस चांगला हाये, पण मारकुटा हाये हे तू कावून नाही सांगितलं?"

माशांचं वेड त्यांना लागलं ते एका रशियन साहेबामुळे. भिलाईत तेव्हा रशियन तज्ज्ञांचा राबता असे. त्यांतल्या एकाबरोबर भाऊजींनी दोन वर्षं मशिनरी बसवली. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण हातवाऱ्यांवर मैत्री झाली. मायदेशी जाताना त्या साहेबाने चरखी लावलेली गळाची एक काठी भाऊजींना दिली, आणि बरोबर बिनदांड्याच्या चमच्यासारखा एक चकचकीत पत्रा, ज्याच्या शेपटाशी गळाचा काटा होता. डोंगा, म्हणजे छोटी होडी, चालता ठेवायचा, मागे चाळीस-पन्नास हात नायलॉनची दोरी सोडायची आणि तिच्या टोकाला हा चमचा ओढत न्यायचा. पाण्यात तो जखमी माशासारखा लुकलुकत पोहतो आणि त्याला गिळायला मोठा मासा धावतो. हे सगळं त्या साहेबाने सिव्हिक सेंटरच्या एका हॉटेलात, चहाच्या टेबलावर, बशीला डोंगा आणि साखरेच्या चमच्याला मासा करून समजावलं होतं. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर थांबला असता. भाऊजींचं डोकं तिथून पुढे सुरू झालं.

"एकटा चमचा पाहून मासा विचारात पडते," ते मला सायकलवर डबलसीट नेताना सांगत. "हा एकटाच कावून फिरून राह्यला? त्याले संशय येते. पण पाच जण मिळून चालले, तं तो म्हणते, पंगत दिसते, चला. मासा अन् आपला भंडाऱ्याचा माणूस सारखाच, साळेबुवा. एकट्याच्या घरी जेवाले लाजते. पंगतीले बोलावणंही नाही लागत."

म्हणून एका काठीला पाच चमचे. आणि पाच चमच्यांना, देवाची इच्छा असली तर, एका वेळी पाच मासे. पाच नाही तर निदान दोन. "दोन एका वेळी आले का सिद्ध झालं," ते म्हणत. "मंग रशियाले पत्र."

बाजारात असे चमचे मिळत नव्हते. ताईच्या लग्नात आलेला चमच्यांचा संच मात्र घरात होता. भाऊजींनी त्यांचे दांडे कापले, दोन्हीकडे भोकं पाडली, एका भोकात कडी आणि दुसऱ्यात काटा अडकवला. दांडे त्यांनी प्रामाणिकपणे फडताळात परत ठेवले.

"का जी," ताईने विचारलं, "माह्या लग्नातले चमचे कुठी गेले?"

"नोकरीले लागले," भाऊजी म्हणाले.

पुढच्याच रविवारी माझ्या ऑफिसातले साहेब सपत्नीक चहाला आले. घरात दांडे होते, चमचे नव्हते. ताईने शिऱ्याबरोबर पुऱ्यांचे तुकडे ठेवले आणि आमच्या भागात शिरा असाच खातात असं डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. साहेबांच्या पत्नीला ही रीत इतकी आवडली की पुढे महिनाभर त्यांच्या सेक्टरमध्ये शिरा पुरीने खाल्ला जात होता.

पाच चमचे एका दोरीला बांधणं मात्र शिरा खाण्याइतकं सोपं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी ते एकामागोमाग एक बांधले. शंभर हात गेल्यावर ओढून पाहिलं तर पाचही जण भरतभेट झाल्यासारखे एकमेकांच्या गळ्यात. मग मुख्य दोरीला फांद्या काढल्या. हे छान चाललं, फक्त डोंगा वळला की फांद्या गुंतायच्या. भाऊजींनी तोडगा काढला की डोंगा वळवायचाच नाही. आमचा डोंगा वल्हवायला बिसाहू नावाचा केवट होता. तो म्हणाला, "साहेब, सीधा जाहूं त पार मं टकराहूं." भाऊजी म्हणाले, टकरा. आम्ही सरळ जाऊन पलीकडच्या काठावर आपटलो, सगळं गुंडाळलं, तोंड फिरवलं, आणि परत सरळ येऊन अलीकडच्या काठावर आपटलो. असे आम्ही दोन रविवार आपटत होतो.

शेवटी उत्तर त्यांना कारखान्यात सापडलं. मोठा बोजा उचलताना रिगर लोक मध्ये एक आडवी तुळई टाकतात, म्हणजे दोर एकमेकांपासून लांब राहतात. घरी येऊन भाऊजींनी माझी छत्री मोडली. तिच्या चार काड्या चार दिशांना पसरून मधोमध तारेने आवळल्या, प्रत्येक काडीच्या टोकाला हातभर दोरीवर एक चमचा टांगला, आणि पाचवा मधून, सगळ्यांच्या मागे, लांब दोरीवर. वर पितळेची भोवरकडी, म्हणजे सगळा संसार गरगरला तरी मुख्य दोरीला पीळ पडणार नाही. आणि त्या कडीला, काठीकडून आलेली दोरी बांधणारी, भाऊजींची गाठ. बिसाहूने ते यंत्र हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ये मछरी पकड़े के जंतर ए, के बिहाव के झूमर?" पण पाण्यात ते झुंबर सोडल्यावर तोही वल्हं थांबवून बघत राहिला. पाच चंदेरी पिल्लं, एकमेकांना धक्का न लावता, शाळेतून सुटल्यासारखी आमच्या मागून येत होती.

तो हिवाळ्यातला रविवार होता. दुर्गहून सकाळच्या पॅसेंजरने आम्ही तांदुळ्याकाठच्या बालोदला उतरलो होतो. डोंग्यात आमच्या जागा ठरलेल्या असत. पुढच्या टोकाला बिसाहू, मध्ये भाऊजी, मागे तोंड करून, काठी धरून. आणि अगदी मागच्या टोकाला मी. माझ्याकडे दोन कामं होती. मासा आलाच तर त्याला जाळीत घेणं, आणि तोपर्यंत काकड्या कापून सगळ्यांना देणं. दुसऱ्या कामात मी तरबेज झालो होतो. भाऊजी चष्मा काढून खिशात ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना हाताच्या अंतरापलीकडचं धुकं दिसे, पण ते म्हणत, मासा डोळ्याले नाही दिसत, अंगठ्याले दिसते. दोरीवर अंगठा ठेवून ते तासन् तास बसत.

"एक," ते एकदम म्हणाले.

मी काकडी थांबवली. काठीचं टोक वाकलं होतं. भाऊजींनी चरखी फिरवायला सुरुवात केली, अगदी शांतपणे, क्रेन चालवल्यासारखी. दोरी येत गेली, येत गेली, आणि छत्रीची ती पितळी कडी माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यावर आली, तेवढ्यात काठी पुन्हा हिसकली.

"दोन!" भाऊजी ओरडले. "दोन बे, दोन! पंगत बसून राह्यली!"

आणि ते उभे राहिले.

डोंगा म्हणजे कोरलेलं लाकूड. त्यात उभं राहायचं नसतं. डोंगा एका अंगावर गेला आणि थंड पाणी माझ्या मांडीवर आलं. बिसाहू ओरडला, "बइठ जाव साहेब, डोंगा बुड़ जाही!" भाऊजींना ऐकू येत नव्हतं, ते हसत होते. मी मागे वळलो. मिशा असलेलं, दातांनी भरलेलं पढीन माशाचं एक मोठं तोंड मला पाण्यात उघडताना दिसलं आणि मी डोळे मिटले. मी वैनगंगेच्या काठी वाढलो, पण मला पोहता येत नाही. लाजेने हे मी भिलाईत कोणाला सांगितलं नव्हतं. मांडीवर काकडीची सुरी होती. डाव्या हाताने मी कडीवरची दोरी धरली आणि डोळे मिटूनच सुरी फिरवली.

टक्क असा आवाज झाला. डोंगा सरळ झाला. भाऊजी मागे बिसाहूच्या पाठीवर पडले, आणि त्यांचा चष्मा खिशातून डोंग्यातल्या पाण्यात.

इथवर जे झालं ते भीतीने झालं, आणि भित्र्या माणसाला देव क्षमा करत असेल. पुढचं मी विचार करून केलं. भाऊजींनीच मला शिकवलं होतं की नायलॉनची दोरी तुटली तर टोक फाटतं, कापली तर सपाट राहतं, आणि गाठ सुटली तर टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळदार होतं. कापलेलं टोक माझ्या मुठीत होतं. भाऊजी तळाच्या पाण्यात चष्मा चाचपत होते. मी ते टोक तोंडात घातलं, सपाट कड चावून काढली आणि दातांतून ओढून ओढून त्याला छान पीळ आणला.

भाऊजींनी चष्मा पुसून लावला. दोरी गुंडाळली, टोक डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"गाठ सुटली," ते म्हणाले. एवढंच. परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

त्या दिवसापासून भाऊजी रविवारी घरी राहू लागले, आणि नवरा घरी असला तर त्याचं काय करायचं हे ताईला कळेना. काठी कपाटावर गेली. फडताळात नवे चमचे आले, दांड्यांसकट. ते सहा अख्खे चमचे दिसू नयेत म्हणून मी फडताळाकडे पाठ करून जेवायला बसे. भाऊजी बुटांची नाडी बांधत आणि जिना उतरून पुन्हा वाकून पाहत. त्यांच्या गँगमधला एक जण मला सांगत आला, "तुम्हारे जीजाजी को क्या हुआ? एक स्लिंग तीन-तीन आदमी से चेक कराते हैं. हम लोग बोले, दादा, आपकी बाँधी हुई है. बोले, इसीलिए." मी खाली मान घालून हजेरीपट भरत राहिलो. रोज संध्याकाळी ठरवत होतो, आज सांगायचं. रोज ताई विचारायची, "अजून भाजी वाढू काय?" आणि मी म्हणायचो, वाढ.

तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर पुढे पाठवायच्या कागदांत भाऊजींचा अर्ज आला. अक्षर त्यांचंच, टपोरं. रिगिंगमधून काढून मला औजारांच्या स्टोअरमध्ये टाकावं, अशी विनंती होती. कारण लिहिलं होतं: "प्रार्थी की गाँठ पर अब प्रार्थी को भरोसा नहीं रहा."

मी तो अर्ज खिशात घातला. नोकरीतला माझा तो एकमेव गुन्हा, आणि त्याची मला खंत नाही. पण एक खरं सांगतो: तो कागद माझ्या टेबलावर आला नसता तर मी बोललो असतो असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

भाऊजी जेवत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पोहता येत नाही हे, सुरी, काकडी, सगळं. दोरी चावली तेही. ताईच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. "माय वं," ती म्हणाली, "सख्ख्या भाटव्यासंगं असं करते काय कोणी!"

भाऊजींनी मूठ आवळली. ताई थांबली.

"म्हणजे गाठ नाही सुटली," ते म्हणाले.

"नाही, भाऊजी."

"तू कापली."

"हो."

"कडीच्या वरून? गाठ कडीवरच राह्यली?"

"हो, भाऊजी. गाठ तशीच होती."

"अन् टोक दातानं चावलं. दाखव दात."

मी दात दाखवले. भाऊजींनी ते निरखून पाहिले, एखादं चांगलं औजार पाहावं तसे. मग ते ताटावरून उठले आणि खरकट्या हाताने, बनियनवर, जिना उतरून रस्त्यावर गेले. खिडकीतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "ओ मिश्राजी! गाँठ नहीं खुली थी! साले ने काटी थी! मेरे साले ने!" समोरचे मिश्राजी, ज्यांना मासे, गाठ किंवा माझा गुन्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, बाल्कनीतून म्हणाले, "बधाई हो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, नेलं. केबलच्या एका रिकाम्या लाकडी ड्रमवर उभं केलं, आणि अख्ख्या गँगसमोर मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. चावण्याची जागा आली की ते मला थांबवून म्हणत, "जोर से बोलो, पीछे सुनाई नहीं देता." मी चोरी कबूल करत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला शिव्या हव्या होत्या. कोणी दिल्या नाहीत. अर्ज मी तिथेच त्यांना परत दिला. त्यांनी तो फाडला आणि कडेला ठेवलेल्या विजेच्या एका मोठ्या मोटारीचा स्लिंग स्वतः बांधला. कोणाकडूनही तपासून न घेता त्यांनी बोट वर करून हवेत गोल फिरवलं. मोटार उचलली गेली, आमच्या डोक्यांवरून तरंगत पलीकडे गेली, आणि सगळे वर बघत असताना भाऊजी माझ्याकडे बघून हसले.

संध्याकाळी आम्ही सायकलवर परत येत होतो. मी मागे कॅरिअरवर बसलो होतो. मरोद्याच्या तलावाच्या बाजूने वारा येत होता.

"साळेबुवा," ते म्हणाले, "दोन तं मले अंगठ्यानंच समजले होते. पण मंग लय ओढ लागली. तू मागंच बसला होता, कडीजवळ. खरं सांग. किती होते?"

त्या क्षणी मला तीन म्हणता आलं असतं. चारही म्हणता आलं असतं, आणि माझ्यावर त्यांचं जे निघत होतं त्या मानाने ते थोडंच झालं असतं. पण खोटं बोलण्याचा माझा धीर त्या ड्रमवर संपला होता.

"एक तोंड दिसलं, भाऊजी," मी म्हणालो. "मग मी डोळे मिटले. पुढचं मले नाही माहीत."

भाऊजींनी पेडल मारणं थांबवलं. उताराचा रस्ता होता, सायकल आपोआप चालली होती. मला वाटलं, आता मात्र हा माणूस माझ्यावर चिडणार. आयुष्यात एकदा आलेला क्षण, आणि तो पाहायला बसवलेल्या एकमेव माणसाने डोळे मिटले.

"मिटले होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी हलकेच ब्रेक दाबला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला कळलं की ते हसत आहेत.

"म्हणजे पाचही असू शकतात," भाऊजी म्हणाले.

भाऊजी निवृत्त होऊन भंडाऱ्याला गेले त्याला आता काही वर्षं झाली. तिथे ते ही गोष्ट नातेवाइकांना सांगतात, आणि आकडा पाचच सांगतात. मी हजर असलो तर सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, माझे डोळे मिटलेले होते. भाऊजी मान डोलावतात, साक्ष पक्की झाल्यासारखी. मला अजूनही अधूनमधून वाटतं की त्या वेळी एकदा डोळे उघडायला हवे होते. मग असंही वाटतं की उघडले असते, तर मला आकडा कळला असता, आणि तो मला त्यांना सांगावा लागला असता.